आप्पा, हे तरी किती दिवस?

प्रशिक्षण कुठलंही असो, दुपारच्या चहानंतर नव्या उपक्रमाबद्दल हा प्रश्न येतोच. नवखे शिक्षक अदबीने विचारतात, "सर, हे तरी किती दिवस टिकणार?" ओळखीचे असले की सरळ आहिराणीत, "काय आप्पा, आते नवं काय लई उनात?" मग हॉलभर हशा. मीही हसतो. आता तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

मी गटसाधन केंद्रात, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात, भाषेचा साधनव्यक्ती: शिक्षकांना प्रशिक्षण देणारा, शाळांना भेटी देणारा. तुम्ही कायम, मी करारावर. मला 'किती दिवस' विचारणं म्हणजे भाडेकरूला घर किती वर्षं टिकेल ते विचारणं. निर्णय वर होतात, मी फक्त पीपीटी उघडतो. हे उत्तर मी पुष्कळदा दिलंय. पळपुटं आहे.

तुमची चिडचिड खोटी नाही. 2010 साली आकारिक-संकलितच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या नोंदी लिहून बोटं दुखली, 2015 नंतर पोरांनी खेळत शिकावं म्हणून वर्गाच्या फरश्या रंगवल्या, 2017 ला अध्ययन निष्पत्ती, म्हणजे कुठल्या इयत्तेत पोराला काय यायला हवं याची यादी, 2021 ला निपुण, म्हणजे तिसरीपर्यंत वाचन-गणित पक्कं करायची मोहीम. मध्येच 2019 ला दुसरीच्या गणितात एकवीसचं 'वीस एक' झालं, तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांनी मलाच धरलं होतं. 2023 ला पुस्तकात वहीची पानं आली. ती कशी वापरायची हे मी तासभर समजावलं. दोन वर्षांत पानं गेली.

पण निष्पत्ती मला मनापासून पटली होती. अजूनही पटते. 'धडा झाला का' याऐवजी 'पोराला काय आलं' असं विचारण्यात वाईट काय आहे? सगळंच वरून लादलेलं म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी माझं आजही भांडण आहे. तर मग माझ्या हातून जे झालं ते कसं झालं?

पांझरेकाठची दोनशिक्षकी शाळा. दुसरीचा वर्ग, निपुणची पडताळणी. दुसरीअखेर मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचता आले पाहिजेत. मी मोबाइलवर वेळ लावली, एका पोराच्या हातात उतारा दिला. त्याने खडखडीत वाचला, पन्नासच्या वर शब्द गेले. उताऱ्यात आजीने अंगणात रोप लावलं होतं आणि उन्हाळाभर जपलं होतं. मी विचारलं, "आजीने रोपाचं काय केलं?"

पोरगं क्षणभर थांबलं. म्हणालं, "आजीनी रोपले जपाडी दिन्हं."

आजीने रोपाला झोपवलं. मागची दोन पोरं हसली. मी 'आकलन' समोर 'नाही'वर टिक केली.

गुरुजी शेजारीच उभे होते. वयाने माझ्याहून मोठे, दोन वर्षांवर निवृत्ती. हळूच म्हणाले, "सर, त्याच्या घरी जपणं म्हणजे झोपणं." मला माहीत नव्हतं का? माझी माय रोज रात्री ओरडायची, "जपी जाय रे आते!" मी त्याच आहिराणीत वाढलोय. पण त्या घडीला मी प्रमाण मराठीत म्हणालो, "गुरुजी, फॉर्ममध्ये होय आणि नाही एवढंच आहे." भेटीच्या वहीत शेरा लिहिला: 'अध्यापन निष्पत्तीनुसार नाही.' मग त्यांच्याच डब्यातली कळण्याची भाकर खाऊन पुढच्या शाळेवर गेलो.

महिन्याभरात त्या शेऱ्यावरून गुरुजींना खुलासा मागितला गेला. मी कुणाकडे तक्रार केली नव्हती. वही कुणीतरी वाचली, एवढंच. असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं.

आता खरी बोचणी ऐका. पहिलीच्या भाषेच्या निष्पत्तीतच लिहिलंय की मूल स्वतःची भाषा आणि शाळेची भाषा वापरून बोलतं. तो कागद मीच झेरॉक्स काढून तुम्हाला वाटला होता. म्हणजे निकषात त्या पोराच्या 'जपाडी दिन्हं'ला जागा होती. मी केलेल्या खुणेत नव्हती.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो. म्हणतो, पुढे पाचवीत, आठवीत पोराला 'जपणे' म्हणजे काय हे लागणारच ना? परीक्षा काय आहिराणीत घेणार आहे कुणी? सगळ्यांनाच सवलत दिली तर निकष कशाला? त्याचं चुकतंय असं मला ठामपणे म्हणता येत नाही. फक्त त्या दिवशी मी पोराला दुसरा प्रश्न विचारला असता, "मंग रोप मोठं व्हयनं का?" तर मला अर्ध्या मिनिटात कळलं असतं त्याला काय समजलंय ते. वेळ होती. जेवायला वेळ होताच की.

दुसऱ्या वर्षी त्याच शाळेत गेलो. भिंतीवर तक्ता लागला होता, गुरुजींच्या सुबक अक्षरात. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. पोरगं आता तिसरीत. मी विचारलं, "जपणे म्हणजे काय?"

"काळजी घेणे," तो तक्त्याकडे न बघता म्हणाला.

"आणि घरी माय काय म्हणते?"

त्याने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी खिडकीबाहेर पाहत होते. पोरगं काही बोललं नाही.

मी 'होय'वर टिक केली.