घुगऱ्यांचं पातेलं

कुणी मोठं माणूस "तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी" म्हणालं की पोरांनी गप्प बसायचं, हा सगळीकडचा रिवाज. आमच्या मावशी पुढे हिशेबही द्यायच्या. "दोन वाट्या खाल्ल्या. मीठ कमी होतं." मावशी म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या. नक्की कुणाच्या सख्ख्या मावशी, ते कधीच कळलं नाही. गाव अकोले तालुक्यातलं, राजूरच्याही पलीकडचं. मंडळाचा वर्षातला मोठा दिवस एकच, ११ एप्रिल.

हा कस्तुरबांचा जन्मदिवस, आणि २००३ पासून सुरक्षित मातृत्व दिन. महात्मा फुल्यांची जयंतीही त्याच तारखेला, त्यामुळे गुरुजींचं भाषण ठरलेलं. १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं सांभाळली, त्यातल्याच एकीचा मुलगा यशवंत दत्तक घेतला, तो शिकून डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. आम्हाला सगळं पाठ. तरी यशवंतचं नाव आलं की मागे कुजबुजणाऱ्या बायका थांबायच्या. तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांना हे भाग्य कधी मिळालं नाही.

मग सामूहिक ओटीभरण. पोटुशा बायका एका रांगेत, हिरव्या बांगड्या भरलेल्या, उन्हाने लालबुंद झालेल्या. ओटीत नारळ-तांदळाबरोबर शेंगदाण्याचे लाडू, नाचणीचं पीठ आणि अंगणवाडीतून आलेल्या लोहाच्या गोळ्या. मावशी माइकवर बोलायच्या नाहीत, ओरडायच्या. "एकशे ऐंशी गोळ्या खायच्या असतात बायांनो. गोठ्याच्या वळचणीला खोचायच्या नसतात. मागल्या साली मी स्वतः वळचणीतून बावीस काढल्यात." सगळा मांडव हसायचा आणि रांगेतली एखादी पदराशी चाळा करत खाली बघायची. गोळ्यांनी मळमळतं आणि शौचाला काळं होतं, म्हणून बायका घाबरतात, हे आशाताई नंतर एकेकीजवळ बसून हळू समजावायच्या. मला वाटतं खरं काम तिथंच व्हायचं. माइकवरचं नुसतं निमित्त.

आम्ही तरुण मंडळाची पोरं. गणपतीचा मांडव तोच इथे उभा करायचो. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालो, तेव्हा माझ्याकडे घुगऱ्यांचं पातेलं आलं. रात्री हरभरे भिजत घालायचे, पहाटे तीन दगडांच्या चुलीवर शिजवायचे, वर्षभरात जन्मलेल्या सगळ्या बाळांच्या नावाने वाटायचे. पण पोरांचं मोठं काम होतं जीपचं. १०८ ची गाडी आपल्याकडे २०१४ ला आली. त्याआधी रात्री कळा सुरू झाल्या की गावात दोनच जिपा, आणि दोन्ही मालक झोपेत. म्हणून समाजमंदिराच्या भिंतीवर तक्ता लावलेला असायचा, कुठल्या रात्री कोणती दोघं पोरं. पाळी असेल त्या रात्री 'बसायचं' नाही, ही मावशींची अट. ज्याची पाळी त्याचं तोंड हुंगायला त्या खरंच दारात यायच्या. या एका नियमाने गावातली किती पोरं सुधारली याची नोंद कुठेच नाही.

दुपारी बापांची शर्यत. पोटाला लुगड्याने पाच किलो बाजरीची पिशवी बांधायची, हंडा भरून आणायचा, वाकून अंगण झाडायचं आणि खाली बसून उठायचं. एका वर्षी एक गडी भिंतीआड जाऊन पिशवी हलकी करून आला. त्याच्यामागे बाजरीची रेघ, आणि रेघेवर कोंबड्या. त्याला शेवटचा नंबर देऊन वर दोन हंडे जादा भरायला लावले.

हाच गडी पुढच्या वर्षी बाप होणार होता. त्याची बायको ओटीच्या रांगेत बसलेली, गुरुजी यशवंतपाशी पोहोचलेले, आणि तिने शेजारणीचा हात घट्ट धरला. दिवस भरायला अजून महिना होता. आशाताईंनी आमच्याकडे नुसती मान हलवली. मी हातातल्या पातेल्यासकट पळालो आणि दगडाला ठेचकाळलो. घुगऱ्या मांडवभर. पातेल्याला खालून जो पोचा आला तो अजून आहे. जीप निघाली तेव्हा पाहुणे बोलायला उभे राहिले होते, समोर दहा-बारा माणसं.

मुलगी झाली. दोन किलो शंभर ग्रॅम. दवाखान्यातून घरी आल्यावर आशाताईंच्या सहा भेटी ठरलेल्या, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत. ही पद्धत गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंगांनी गावातल्या बायकांना शिकवून उभी केली, तिथून ती देशभर गेली. प्रत्येक भेटीला झोळीचा काटा निघायचा, घरातली सगळी काट्याकडे बघत राहायची. बाळाला ऊब कमी पडत होती. आशाताई म्हणाल्या, आई थकली की बापाने छातीशी धरायचं, कातडीला कातडी लावून.

म्हणून एप्रिलच्या त्या उकाड्यात हा गडी सदरा उघडा टाकून ओटीवर बसायचा, पोरगी छातीवर उपडी, दोघांवरून आईचं जुनं लुगडं गुंडाळलेलं. घामाने निथळायचा. येणारेजाणारे हसायचे. तरुण मंडळातले आम्ही दोघं-तिघं मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन बसायचो, पत्ते घेऊन. तो एका हाताने खेळायचा. दुसरा पोरीच्या पाठीवर असायचा, आणि तो हात त्याने डाव जिंकतानाही काढला नाही. पाचव्या भेटीला काटा अडीच किलोच्या पुढे गेला.

पुढल्या ११ एप्रिलला शर्यतीसाठी नावं पुकारली. त्याचंही पुकारलं. तो जागचा उठला नाही.

"मला पिशवी नको," म्हणाला, "मी खरी पळवलीय."

मावशींनी माइक खाली ठेवला आणि मला पातेलं आणायला सांगितलं. पहिली वाटी त्याच्या हातात दिली. त्याने चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाला, "मीठ कमी आहे."