थंडा नळ आणि कोमट पाणी

जळगावात जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरला की सोलर वॉटर हीटरच्या तक्रारी एकदम वाढतात. त्यातल्या निम्म्या फोनवरच सुटतात. नळ्यांवर धूळ बसलेली असते, गार पाण्याचा व्हॉल्व्ह कोणीतरी बंद केलेला असतो किंवा वरची टाकीच रिकामी असते. पिंप्राळ्याच्या बाजूच्या एका घरातली तक्रार मात्र तीन महिने सुटली नव्हती, आणि त्या घरातल्या अप्पांनी फोन केला तो दुरुस्तीसाठी नव्हताच. "दोनशे लिटरचं नवं सोलर बसवायचं, दादा. भाव सांगा."

फोनवर भाव सांगायचा नाही, हा आमच्याकडे नियम आहे. आधी तीन प्रश्न विचारायचे: वस्तू किती जुनी, त्रास कधीपासून, आणि त्याच्या आगेमागे घरात दुसरं कुठलं काम झालं. सोलर पाच वर्षांचं होतं. त्रास दिवाळीपासूनचा. नवरात्राच्या आसपास वरच्या मजल्याचं बाथरूम नवं केलेलं. दुपारी पाणी चटका बसेल इतकं गरम असायचं आणि सकाळी आंघोळीच्या वेळेला गार. आधीच्या प्लंबिंगवाल्यांनी एकदा वीसपैकी सहा नळ्या बदलल्या, मग विजेचा बॅकअप रॉड बदलला आणि आता "टाकीचं पफ बसलं, टाकीच बदला" म्हणून अडतीस हजारांचा आकडा दिला होता. अप्पा बोलत असताना मागून माईंचा आवाज आला, "थंडा नळले कोमट पानी येस, ते बी सांगा ना त्यासले." अप्पांनी ते बाजूला सारलं. मी वहीत लिहून घेतलं, कारण सगळ्या फोनमध्ये कामाची माहिती त्या एका वाक्यातच होती.

संध्याकाळी पावणेपाचला गच्चीवर चढलो. पेटीतून आधी थर्मामीटर काढला, पाना नंतर. सोलरचं पाणी ५६ अंश. शेजारी दोन टाक्या होत्या. हजार लिटरच्या मोठ्या टाकीत नळाचं आणि बोअरचं पाणी एकत्र, आणि पाचशे लिटरची छोटी टाकी फक्त पिण्याच्या पाण्याची. दोन्हींत २२ अंश. नळ्यांची खालची टोकं पाहिली. निर्वात नळीच्या तळाशी आरशासारखा चंदेरी डाग असतो. हवा शिरली की तो पांढरा पडतो. वीसपैकी एकच नळी पांढरी होती. ती गेली म्हणजे तापण्याचं काम फार तर पाच टक्क्यांनी घटलं. सहा नळ्या बदलाव्यात असं काही तिथे दिसत नव्हतं, आणि जुन्या सहा नळ्या घरमालकाला दाखवलेल्याही नव्हत्या.

अप्पांना म्हटलं, आज रात्री बॅकअप रॉड बंद ठेवा, बाकी रोजच्यासारखं सगळं चालू द्या, नळ-कॉक जसे असतील तसेच राहू द्या. मी सकाळी साडेसहाला येतो.

सकाळी सोलरमध्ये २६ अंश. छोट्या टाकीत १७. आणि मोठ्या टाकीत २५!

इथे थोडा हिशेब मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सोलरच्या टाकीभोवती पफचं, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमचं, आवरण असतं. चांगल्या टाकीतलं पाणी थंडीच्या रात्रीत पाच-सात अंश उतरतं, आवरण खराब असेल तर आणखी थोडं. इथे तीस अंश उतरलं होतं. दोनशे लिटर गुणिले तीस अंश म्हणजे ६००० किलोकॅलरी, आणि ८६० किलोकॅलरीला विजेचं एक युनिट. म्हणजे एका रात्रीत सात युनिटांची उष्णता टाकीतून गेली. पफमधून ती हवेत गेली असती तर गच्चीवर दुसरं काही गरम झालं नसतं. पण मोठी टाकी छोटीपेक्षा आठ अंशांनी गरम होती आणि तिच्यात सुमारे सातशे लिटर पाणी होतं: ५६०० किलोकॅलरी, साडेसहा युनिटं. छोटी टाकी लवकर निवते, म्हणून हा हिशेब काट्याला काटा जुळणारा नाही. पण उष्णता कुठे गेली ते कळायला तेवढा पुरेसा होता. सोलरचं गरम पाणी रात्रभर गार पाण्याच्या टाकीत जात होतं, आणि त्याच टाकीवरच्या संडासाच्या नळाला माईंना पहाटे कोमट पाणी लागत होतं.

आता ते जातं कुठून, हे शोधायचं. त्याची चाचणी सोपी आहे आणि कोणीही घरी करू शकतं. सोलरमधून घरात उतरणाऱ्या गरम लाईनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा आणि खालच्या स्वयंपाकघरातला गरम नळ उघडायचा. लाईनमधलं उरलेलं पाणी निथळून धार थांबली पाहिजे. आमच्या समोर ती थांबली नाही. उलट जोरात आली, आणि गार. म्हणजे घरात कुठेतरी गार लाईन गरम लाईनला आतून जोडली गेली होती. मग एकेका ठिकाणचं गरम पाणी बंद करत गेलो. खालचं बेसिन बंद केलं, धार तशीच. वरचं बेसिन बंद केलं, धार तशीच. नव्या बाथरूममधल्या वॉल मिक्सरचा गरम कॉक फिरवला आणि खालून अप्पांचा नातू ओरडला, "बंद झालं!"

त्या मिक्सरवर हँड शॉवर होता, दांड्यावर बटण असलेला. घरातली मुलं गरम आणि गार दोन्ही कॉक आपल्या बेताने उघडून ठेवायची आणि पाणी बटणानेच चालू-बंद करायची. पुन्हा बेत जमवायला नको म्हणून. यात त्यांची काहीच चूक नाही, शॉवरवर बटण त्यासाठीच असतं. पण बटण बंद आणि दोन्ही कॉक उघडे असले की मिक्सरच्या पोटात गरम आणि गार लाईन एक होते. दोन्हींचा दाब सारखा असता तर फारसं बिघडलं नसतं. इथे गरम पाणी सोलरमधून नुसत्या उंचीने उतरत होतं. शॉवरपर्यंत तीन मीटर उतार, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलो दाब. गार लाईनला मात्र बाथरूम नवं करताना गच्चीवर प्रेशर पंप बसवला होता, दीड किलोचा. पंप मोठ्या टाकीतून पाणी उचलायचा, मिक्सरमधून उलटं गरम लाईनमध्ये ढकलायचा, ते सोलरमध्ये चढायचं आणि सोलरमध्ये गार पाणी येतं त्या गार तोटीतून परत मोठ्या टाकीत यायचं. मिनिटाला दोन लिटर जरी फिरले तरी आठ तासांत ९६० लिटर होतात. दोनशे लिटरची टाकी चार वेळा धुऊन निघते. रात्री पंप घुर्र करतो, थांबतो, पुन्हा घुर्र करतो, हे अप्पांनी ऐकलं होतं. पंप असाच चालत असेल असं त्यांना वाटलं. घरात कोणी पाणी वापरत नसताना प्रेशर पंप चालू होत असेल, तर एकतर गळती आहे किंवा पाणी उलटं फिरतंय. तिसरं कारण क्वचितच सापडतं.

बॅकअप रॉडचंही कोडं इथेच सुटलं. दोन किलोवॅटचा रॉड रात्री आठ तास चालला की सोळा युनिटं. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचतच नव्हतं, म्हणून थर्मोस्टॅट रॉड बंद करतच नव्हता. बदललेल्या रॉडचा थर्मोस्टॅट चांगला होता, आधीचाही बहुधा चांगलाच असणार. हे कुटुंब तीन महिने सोलरच्या रॉडने गच्चीवरची गार टाकी तापवत होतं आणि बिल भरत होतं, याचा मला खरंच त्रास झाला.

मिक्सरचे कॉक बंद ठेवायला सांगून मी निघालो असतो तर त्या दिवशीचं काम झालं असतं. पण मूळ प्रश्न राहिला असता, की पंप बसवायची वेळ का आली? अप्पा म्हणाले, वर पाण्याला जोरच नव्हता. खाली येणारी गार लाईन २० मिलिमीटरच्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपची, पंचवीस वर्षं जुनी. वाघूर धरणाचं नळाचं पाणी रोज येत नाही, म्हणून या भागातल्या बऱ्याच घरांत त्याच टाकीत बोअरचंही पाणी सोडतात. थेंबांच्या किटने त्या टाकीतल्या पाण्याचा कठीणपणा लिटरला ४८० मिलिग्रॅम आला. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी २०० चांगला आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा असतो. गच्चीवरच्या एल्बोजवळचा वीतभर पाइप कापला आणि उन्हात धरला. आत बाजरीच्या भाकरीला सुटतात तसे पापुद्रे, एक तांबूस गंजाचा, एक पांढरट क्षाराचा, पुन्हा गंजाचा. मधे उरलेल्या भोकात माझी करंगळी शिरेना. पंपाने हा रोग झाकला होता, आणि दुसरा जडवला होता.

काम असं केलं. पंप काढला. मोठ्या टाकीपासून वरच्या बाथरूमपर्यंत गार पाण्याची २५ मिलिमीटरची यूपीव्हीसी (गार पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपची) प्लंबिंग लाईन नवी टाकली, सुमारे चौदा मीटर, एल्बो शक्य तितके कमी. गरम आणि गार दोन्ही आता एकाच उंचीवरून उतरू लागलं, दाब जवळजवळ सारखा झाला. मिक्सरच्या आधी गरम लाईनवर एक आणि सोलरच्या गार तोटीवर एक, असे दोन पितळी एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारे व्हॉल्व्ह, लावले. एनआरव्ही घेताना दुकानदार स्प्रिंगचा देतो, कारण तो कसाही बसतो. पण ०.३ किलोच्या दाबाला स्प्रिंग ढकलण्यातच बराच जोर जातो आणि शॉवरची धार मरते. अशा ठिकाणी झडपेचा घ्यायचा, तो आडव्या लाईनवर, झाकण वर करून, बाण पाण्याच्या दिशेला ठेवून बसवायचा. दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, असलं की पुढे क्षार धरला तर पाइप न कापता काढून साफ करता येतो. सोलरचा एअर व्हेंट, म्हणजे टाकीची हवेची नळी, उघडा आहे ना, तेही पाहिलं. गार तोटीवर एनआरव्ही लावल्यावर तापून फुगलेल्या पाण्याला तेवढीच वाट उरते. तो व्हेंट बुचाने बंद करण्याचा मूर्खपणा कोणी केला तर टाकी फाटते.

गरम लाईनवर एक एल्बो वाकलेला दिसला. लाईन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाण्याला चालणाऱ्या प्लॅस्टिकची, पिवळसर पांढरी, आणि तो एल्बो शुभ्र पांढरा यूपीव्हीसीचा. यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, मऊ पडून जोड सोडतो. दोन्हींचं जोड चिकटवायचं सोल्युशनही वेगळं असतं. तो बदलला, थंडी होती म्हणून जोड चोवीस तास वाळू दिले, मग हातपंपाने सात किलो दाब देऊन दोन तास ठेवला. काटा हलला नाही. उघड्यावरच्या पाइपला पाण्यात मिसळणारा पांढरा रंग दिला. ऑइल पेंट या पाइपांना लावू नये, त्यातला थिनर प्लॅस्टिकला खातो.

निघता निघता खालच्या बाथरूममधला पंधरा लिटरचा गिझर पाहिला आणि अंगावर काटा आला. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला कोणीतरी प्लग मारला होता. "तो ठिबकायचा, म्हणून बंद केला," अप्पा म्हणाले. तो ठिबकणारच. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून पंचाहत्तरवर गेलं की पाव लिटरपेक्षा जास्त फुगतं, आणि मागे परतायला एनआरव्ही वाट देत नाही, म्हणून ते तिथून बाहेर येतं. प्लग मारल्यावर थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही एखाद्या दिवशी अडकले तर गिझरचा बॉम्ब होतो. स्विच बंद केला, प्लग काढला, क्षार धरलेला व्हॉल्व्ह बदलला आणि त्याची नळी मोरीच्या जाळीपर्यंत सोडली. या एका गोष्टीसाठी मी पैसे मागितले नाहीत, आणि ती पूर्ण होईपर्यंत घराबाहेर पाऊलही टाकलं नाही.

आधीची बिलं अप्पांनी दाखवली. एका कागदावर फक्त "सोलर रिपेरिंग" आणि आकडा. यावरून काय बदललं, कुठल्या कंपनीचं, वॉरंटी कोणाची, काहीच कळत नाही. आमचा अंदाजपत्रकाचा कागद त्यांना काम सुरू होण्याआधी दिला होता: पाइप किती मीटर, कुठला, कुठल्या मापाचा, व्हॉल्व्ह किती, मजुरी वेगळी, तपासणीचे पैसे वेगळे. तपासणीचे पैसे मागितले की लोक बिचकतात. पण जो तपासणी फुकट करतो, त्याला पैसे मिळतात ते भाग विकूनच, आणि मग नळ्या खराब नसल्या तरी बदलल्या जातात. जुना काढलेला माल घरमालकाच्या ताब्यात द्यायचा, त्याला नको असेल तरच आम्ही न्यायचा. फरशी बंद होण्याआधी भिंतीतल्या लाईनचे फोटो, टेप लावून, घ्यायचे. नवरात्रातल्या त्या बाथरूमचा असा एक फोटो असता तर माझी अर्धी सकाळ वाचली असती.

सगळं मिळून आठ हजार तीनशे झाले. पांढरी पडलेली एक नळी तशीच ठेवली. उन्हाळ्यात तिची गरजच नाही, पुढच्या थंडीआधी बदलू.

आठवड्याने अप्पांनी स्वतः मोजलेले आकडे पाठवले. संध्याकाळी सोलर ५७, सकाळी ५०. मोठी टाकी सकाळी १७, छोटी १६. खाली माईंचा निरोप होता: संडासातला नळ आता पहाटे बर्फासारखा लागतो, आणि त्याला गरम लाईन जोडून द्यायला किती खर्च येईल?