पोटाचा त्रास

नागपुरात रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "काय त्रास आहे, काकाजी?" आवाज असा की मागच्या बाकांवरची वीस माणसं माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटलं, "पोटाचा." तिनं पोटाच्या डॉक्टरांसमोर बसवलं. त्यांनी पोट दाबलं, ॲसिडिटीची गोळी लिहिली. फी देऊन सक्करदऱ्याला घरी आलो. त्रास होता तिथंच, पोटाच्या चांगला वीतभर खाली.

वय 62. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायचो आणि धार पायाशी पडायची. हे एक. दुसरं म्हणजे लिंगाच्या पुढच्या कातडीला बारीक चिरा पडायच्या, आग व्हायची आणि ती कातडी मागे सरकेनाशी झाली होती. बायको म्हणायची, "काय रात्रभर उठून राहिले तुम्ही?" मी म्हणायचो, वय झालं. कातडीचं तिलाही सांगितलं नाही. मेडिकलवरून खाजेची ट्यूब आणली. लावली की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. असे आठ महिने काढले.

भाचीच्या लग्नाला चंद्रपूरला निघालो तेव्हा बुटीबोरी, जाम, वरोरा अशी तीनदा गाडी थांबवायला लावली. वरोऱ्याला साडूभाऊ मागोमाग उतरले. म्हणाले, "भाऊ, माझं हर्नियाचं ऑपरेशन आठवते का? ते हर्नियाचं नव्हतं, प्रोस्टेटचं होतं." पाच वर्षांपूर्वी त्या 'हर्निया'साठी मी दोन दिवस डबा पोचवला होता.

परत आल्यावर युरोलॉजीची पाटी पाहून गेलो. या वेळी कागदावर 'लघवीचा त्रास' लिहून तोच पुढे सरकवला.

आधी एक फॉर्म दिला. सात प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 5 गुण: किती वेळा उठता, थांबून थांबून होते का, जोर लावावा लागतो का. बेरीज 7 पर्यंत असेल तर त्रास सौम्य, 8 ते 19 मध्यम, त्यापुढे जास्त. माझे 17. आठवा प्रश्न वेगळाच होता: उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल? त्यावर मी बराच वेळ पेन धरून बसलो.

मग धारेचा वेग मोजायचा होता. एक नरसाळं, खाली यंत्र. निदान 150 मिली तरी व्हायला पाहिजे, नाहीतर मोजणी धरत नाहीत. मी बाटलीमागून बाटली पाणी प्यालो. एरवी दर तासाला लागणारी लघवी नेमकी तेव्हा अडून बसली! शेवटी तिथल्या पोरानं बेसिनचा नळ सोडला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. वेग निघाला सेकंदाला 9 मिली. 15 च्या वर असेल तर ठीक मानतात, 10 च्या खाली अडथळ्याची शंका. सोनोग्राफीत प्रोस्टेट 40 ग्रॅम. ही ग्रंथी मुळात अक्रोडाएवढी, 20 ग्रॅमच्या आसपास, आणि पन्नाशीनंतर बहुतेक पुरुषांची वाढतच जाते. लघवीचा रस्ता तिच्या मधून जातो, म्हणून धार बारीक. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. तरी कॅन्सरची शंका नको म्हणून पीएसए नावाची रक्ततपासणी केली, ती ठीक निघाली.

तपासणीच्या टेबलावर मी छताच्या पंख्याकडे पाहत पडलो होतो. डॉक्टर माझ्या पोराच्या वयाचे. मला जे जे भिववत होतं, ते त्यांनी सहज उडवून लावलं. अंडकोष लोंबू लागलेत? वयानं कातडी सैल पडते. डावा खाली? बहुतेकांचा असतो. लिंगाचा आकार कमी वाटतो? तिथं पोटाकडे बोट दाखवलं. सावजीचा रस्सा सगळा तिथं जमा, त्या चरबीत बाकीचं बुडालेलं. पण डाव्या बाजूला थोडी सूज दिसली तेव्हा खोलीतला दिवा मालवून टॉर्च लावून पाहिली. उजेड आरपार गेला म्हणजे आत पाणी. थोडं होतं, सध्या राहू द्या म्हणाले. आपल्या पूर्व विदर्भात हत्तीरोगाचे डास, त्यामुळे हे अंडवृद्धीचं दुखणं जुनंच. भंडाऱ्याकडचे माझे आजोबा ढगळ धोतर का नेसत, हे मला त्या टेबलावर समजलं. अंडकोषात टणक, न दुखणारी गाठ लागली तर मात्र लगेच दाखवायची, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आणि ज्याला मी वय म्हणून सोडलं होतं, त्या कातडीपाशी ते थांबले. "शुगर किती?" तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) 9.1 टक्के निघाली, म्हणजे बरीच जास्त. शिवाय माझी शुगरची नवी गोळी जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी. औषध चांगलं, पण त्या साखरेवर बुरशी पोसते. माझ्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, म्हणजे खाज दबायची आणि बुरशी आणखी माजायची. गोळी मनानं बंद करू नका म्हणाले. स्वतः शुगरच्या डॉक्टरांशी बोलले आणि त्यांनी ती बदलली. बुरशीचं साधं मलम, रोज पाण्यानं धुणं, कोरडं ठेवणं. दीड महिन्यात चिरा भरल्या. कातडी बरीचशी सरकते. पुन्हा आवळली तर ती काढण्याचं छोटं ऑपरेशन करावं लागेल.

'ताठरता कशी आहे?' हेही त्यांनीच विचारलं. मी म्हटलं, आता या वयात काय! त्यांना ते उत्तर पटलं नाही. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे बिघाड कधीकधी आधी तिथं दिसतो. ईसीजी आणि कोलेस्टेरॉल करायला लावलं. मित्रांकडून ताठरतेच्या गोळ्या घेऊ नका, असंही बजावलं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी घेणाऱ्यानं ही घेतली तर बीपी एकदम कोसळतो.

प्रोस्टेटसाठी रात्री जेवणानंतर एक कॅप्सूल. पहिल्या आठवड्यात पलंगावरून उठलो की गरगरायचं, मग दोन मिनिटं पाय खाली सोडून बसायचो. वीर्य कमी पडेल हे आधीच सांगितलं होतं, नाहीतर पुन्हा घाबरलो असतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना या औषधाचं नाव सांगायचं, हे बायकोनं फाइलवर लाल पेनानं लिहून ठेवलंय. सर्दीची गोळीही आता विचारल्याशिवाय घेत नाही. काहींनी लघवी अडते. रात्री एकदा उठतो, फार तर दोनदा.

परवा अंबाझरीला फिरताना एका दोस्तानं मला बाकड्यापाशी थांबवलं. आजूबाजूला पाहून म्हणाला, "तुझ्या त्या डॉक्टरचा नंबर दे ना बे. पोटाचा त्रास होऊन राहिला."

"पोटाचाच ना?" मी विचारलं, आणि खिशातून मोबाइल काढला.