माग, नक्षी आणि बूट
आज सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावर चादर विणताना बघितली. पुठ्ठ्यांच्या माळेत भोक असेल तिथे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. फुलं उमटतात ती अशी! नक्षी काढणाऱ्याला यंत्रही कळावंच लागतं.

जपानी फॅशन डिझायनर इस्से मियाके यांनी 'ए-पॉक'मध्ये (म्हणजे 'अ पीस ऑफ क्लॉथ', कापडाचा एक तुकडा) हेच पार टोकाला नेलं. मशीनमधून निघालेल्या सलग कापडातच अख्खा कपडा, आपण फक्त रेषेवर कापायचा. २०१२ मध्ये नाइकीने बुटाचा वरचा भागच विणून काढला. तुकडे कापणं कमी, कचराही कमी. (आपल्याकडे युनिफॉर्म शिवताना किती चिंध्या निघतात!)

सोलापुरात फॅशन आणि प्रॉडक्ट डिझाइन शिकणाऱ्या मुलांनी एकाच मागापाशी बसावं, असं फार वाटतं. सुरुवात टॉवेलपासून केली तरी चालेल.