ट्रॅक्टरचे ऑईल आणि आप्पांची पेट्रोल गाडी

तासगावकडून एक पेट्रोल हॅचबॅक दोरी लावून माझ्या सांगलीच्या गॅरेजमध्ये आणली गेली, तेव्हा इंजिन गेल्याचा निकाल रस्त्यावरच लागून गेला होता. वळणावर आणि ब्रेक मारताना ऑईलचा लाल दिवा लुकलुकू लागला म्हणून आप्पांनी गाडी थांबवली, गेज काढून पाहिले तर ते कोरडे निघाले, आणि त्यांनी पुतण्याकडून ट्रॅक्टरच्या ऑईलची बादली मागवून वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरले. फोनवरच्या कुणा मेकॅनिकने 'डिझेलचं ऑईल पडलंय, आता सेल मारू नका' असे बजावल्यावर मुलाने वडिलांना बोल लावायला सुरुवात केली, ती माझ्या दारातही चालूच होती.

लाल दिवा ऑईलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो वळणावर लुकलुकतो याचा अर्थ इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये ऑईल इतके कमी उरले आहे की ते एका बाजूला सरकताच पंपाची गाळणी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. त्या अवस्थेत गाडी सांगलीपर्यंत रेटली असती, तर क्रँकची बेअरिंगे बहुधा वाचली नसती. आप्पांनी ओतले ते योग्यच केले. फोनवरून निदान करणाऱ्यांविषयी मी अधिक बोलत नाही.

मी प्रथम बादली पाहायला मागितली, कारण पुढचे ट्रॅक्टरचे चित्र सगळे पाहतात, मागची बारीक अक्षरे कोणी वाचत नाही. मागे १५डब्ल्यू-४० हा ऑईलच्या जाडीचा ग्रेड आणि एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची सीआय-४/एसएल ही श्रेणी छापलेली होती. 'सी'ने सुरू होणारी श्रेणी डिझेलची, 'एस'ची पेट्रोलची; म्हणजे घरात सगळे ज्याला डिझेलचे ऑईल म्हणत होते, ते २००१ मध्ये आलेल्या पेट्रोलच्या श्रेणीतही बसत होते. गाडीच्या पुस्तिकेत मात्र ५डब्ल्यू-३० सांगितले होते. ४० चे ऑईल इंजिन तापल्यावरही ३० पेक्षा जाड राहते, त्यामुळे मायलेज थोडे घटते, पण सांगलीच्या हवेत तेवढ्याने इंजिन जाम होत नाही. गाडी टर्बो आणि थेट इंजेक्शनची असती तर मी इतका निर्धास्त राहिलो नसतो. तशा इंजिनात ऑईलमधील कॅल्शियमयुक्त डिटर्जंट जास्त असले, तर कमी फेऱ्यांवर मिश्रण ठिणगीआधीच पेटण्याचा आणि त्यात पिस्टन फुटण्याचा धोका वाढतो. २०२० च्या एसपी श्रेणीत त्यासाठी वेगळी चाचणीच आहे.

तरीही अंदाजावर गाडी सोडणे मला पटत नाही. लाल दिवा पेटवणाऱ्या प्रेशर स्विचच्या जागी मीटर लावून पाहिले, तर तापलेल्या इंजिनाचा आयडलिंगचा दाब पुस्तिकेप्रमाणे आला. मग फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या. बहुतेक गॅरेजांत फिल्टर थेट भंगारात जातो, आणि याचा मला राग येतो, कारण बेअरिंग खरवडले असेल तर त्याचा कीस तिथेच सापडतो. त्यावर चुंबक फिरवून उपयोग नसतो, बेअरिंगचा वरचा थर लोखंडाचा नसतो. घड्या उन्हात धरूनच चकाकी शोधावी लागते. ती दिसली नाही. मात्र एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी आले आणि प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडताच ते वाढले, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजून ऑईल तिथूनच जळत होते. ५डब्ल्यू-३० भरले, रिंगांचे काम सांगितले आणि गाडी दिली. रिंगा अर्थातच कोणी बदलल्या नाहीत.

काही महिन्यांनी चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी०४२० आला, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काम मंदावले होते. सेन्सर आणि सायलेन्सरची गळती तपासली, दोष तिथे नव्हता. "मी म्हणत नव्हतो का?" असे मुलगा म्हणाला, आणि या वेळी त्याला सरळ नाही म्हणता येईना. ऑईलमध्ये झीज रोखण्यासाठी घातलेल्या जस्ताच्या संयुगात फॉस्फरस असतो, आणि तोच जळालेल्या ऑईलबरोबर जाऊन कन्व्हर्टरवर थर धरतो. ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडच्या नव्या पेट्रोल ऑईलमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे. हेवी डिझेलच्या ऑईलमध्ये तो सहसा त्याहून जास्त, ०.१२ टक्क्यांच्या आसपास असतो. पण एकदाच भरलेले आणि लगेच काढून टाकलेले ऑईल कन्व्हर्टर निकामी करील, हे मला पटत नव्हते.

म्हणून आप्पांना बाजूला घेऊन विचारले. "तसं अधनंमधनं टाकत होतोच की," ते म्हणाले, "ट्रॅक्टरला ओतून उरलं की हिच्यात. हिला लागायचंच ना." पोराला त्यांनी ते सांगितले नव्हते.

आता दोष बादलीचा की रिंगांचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. रिंगा धड असत्या तर त्या ऑईलमधला फॉस्फरस कन्व्हर्टरपर्यंत फारसा पोहोचलाच नसता. आणि ऑईल इतके जळत असताना पुस्तिकेतले ऑईल वापरले असते, तरी कन्व्हर्टर गेलाच असता, फक्त उशिरा. कन्व्हर्टर आधी बदलून द्या, असा मुलाचा आग्रह होता. झिजल्या रिंगांवर नवा कन्व्हर्टर बसवणार नाही, असे मी सांगितले, आणि तसे एस्टिमेटवर लिहूनही दिले. रिंगांचे काम द्राक्षांचे पैसे आल्यावर करायचे ठरले आहे.