अंगठा हलला त्या दिवशी

मणक्याचं ऑपरेशन होऊन पेशंट घरी आला की घरचे उशाशी बसत नाहीत, पायथ्याशी बसतात. पांघरूण गुडघ्यापर्यंत सारलेलं आणि सगळ्यांची नजर पायाच्या अंगठ्यावर. घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करणाऱ्या माझ्यासारख्या बाईला यात नवीन काही नाही. तरी इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका घरात संकष्टीच्या सकाळी जे घडलं ते डोक्यातून जात नाही. खरी खूण आणि खोटी खूण त्या दिवशी एकाच घरात हजर होत्या, आणि पेढे खोटीचे वाटले गेले होते.

पेशंट घरातली सून, तिशीतली, वजन ४६ किलो. कित्येक महिने पाठ दुखत होती. बाळंतपणानंतरची पाठ म्हणून तेल-मालिश आणि दुखण्याच्या गोळ्या चालल्या. मग संध्याकाळचा बारीक ताप, कपडे सैल होणं, चालताना पायातली चप्पल निसटली तरी न कळणं, आणि एक दिवस जिन्यावर पाय उचलेचनात. एमआरआयमध्ये पाठीचा नववा आणि दहावा मणका पोखरलेला, मध्ये पू, त्याचा मज्जारज्जूवर दाब. ऑपरेशनमध्ये पू काढला, दाब मोकळा केला, वर-खाली स्क्रू बसवून दोन सळयांनी पाठ धरून ठेवली. पुवाच्या सीबीनॅट तपासणीत टीबी निघाला. शेजारीपाजारी ‘मणक्यात गाठ होती’ एवढंच सांगितलं गेलं. लहान मुलीला आईच्या खोलीत येऊ देत नव्हते, ते मात्र आधी बंद करावं लागलं. फुप्फुसं स्वच्छ असतील तर मणक्याचा टीबी शेजारी झोपलेल्या मुलीला लागत नाही.

या आजारात आशा धरायला जागा असते. अपघातात मज्जारज्जू एका झटक्यात चिरडला जातो, टीबीत तो हळूहळू दाबला जातो. दाब वेळेत निघाला आणि गोळ्या पूर्ण घेतल्या तर बऱ्याच जणांची ताकद काही महिन्यांत परत येते. गोळ्या कमीत कमी १२ महिने, काहींना १८. पहिले दोन महिने चार औषधं, पुढे तीन. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते, ३५ ते ४९ किलोला रोज तीन. म्हणून दर महिन्याला वजन करायचं असतं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. पहिल्या आठवड्यात लघवी केशरी झाली तेव्हा युरोबॅगमध्ये, म्हणजे लघवीच्या पिशवीत, रक्त उतरलं म्हणून घरात रडारड झाली. तो रिफाम्पिसिनचा रंग. गोळ्या सुरू करताना एका वाक्यात सांगता आलं असतं.

डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं, ‘बॅक केअर, ब्लॅडर केअर, फिजिओ.’ लाखांचं बिल, आठ-दहा पानांची फाइल, आणि घरच्यांनी पुढचं वर्षभर काय करायचं ते या एवढ्या शब्दांत. कुशीवर कसं करायचं, लघवीची नळी कधी काढायची, संडास कसा करवायचा, कुणी दाखवलं नव्हतं. जाताना एका ज्युनिअर डॉक्टरांनी मात्र सांगितलं होतं, ‘आता सगळं देवावर सोडा.’ डॉक्टरांनी हे वाक्य बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. देवावर काय सोडायचं ते घरच्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

सासूबाईंना मी काकू म्हणते, सुनेला वहिनी. इंदूरच्याच खजराण्याच्या गणपतीवर काकूंची श्रद्धा. अंगारा जखमेच्या पट्टीवर लावायचा नाही एवढं सांगितल्यावर त्यांनी त्याची पुडी करून उशीच्या अभ्र्यात ठेवली, वाद नाही. दर दोन तासांनी कुशीवर करायचं म्हटल्यावर त्यांनी ते जपाला बांधलं. रात्री अलार्म वाजतो, घरचे तो बंद करून झोपतात, हे मी बहुतेक घरांत पाहिलंय. इथं प्रत्येक वेळी कूस बदलली की एक माळ, आणि माळ झाली की वहीत वेळ. दोघांनी मिळून खांदा आणि कंबर एकदम फिरवायची, पाठीला पीळ बसता कामा नये. गुडघ्यांमध्ये उशी. पूर्ण आडवं कुशीवर नाही, पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश, नाहीतर सगळा भार मांडीच्या बाहेरच्या हाडावर येतो. टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी. एका नातेवाइकांनी प्रेमानं हवेची गोल रिंग आणून दिली होती, ती मी परत पाठवली. मधलं हाड वाचवताना ती कडेनं दाबते आणि मधल्या त्वचेचं रक्त अडवते. कुशीवर केल्यावर माकडहाड, टाचा, घोटे बघायचे. लाल दिसलं तर बोटानं दाबायचं. दाबल्यावर पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर ठीक. लालच राहिलं तर त्या जागेवर भार बंद. या घरात एकही जखम झाली नाही. एअर मॅट्रेस असल्यामुळे असं जावईबापू म्हणतात. मॅट्रेस असूनही हाडापर्यंत सडलेली पाठ मी पाहिलेली आहे.

अवघड गोष्ट सोवळ्याची होती. मज्जारज्जूवर दाब आला की आतड्यांची शिस्त मोडते. रोज ठरलेल्या वेळी, गरम चहा-नाश्त्यानंतर २०-३० मिनिटांनी, डाव्या कुशीवर झोपवून, हातमोज्यावर जेली लावून बोट आत फिरवायचं आणि आतड्याला आठवण करून द्यायची. बोट हळू, गोल, अर्धा-एक मिनिट, मग थांबायचं, काही मिनिटांनी पुन्हा. हे कोण करणार? नवरा तयार होता, वहिनी तयार नव्हत्या. बाई ठेवायची तर ती दोन दिवसांत पळते. काकू म्हणाल्या, ‘मी करीन. पण मग पूजा?’ त्यांचं स्नान पहाटे, पूजा सोवळ्यात, आणि हे काम आठ वाजता. दोनदा अंघोळ करायची त्यांची तयारी होती, थंडीतसुद्धा. मी वेळ उलटी केली. साडेपाचला वहिनींना चहा-बिस्कीट, सहाला हे काम, मग काकूंची अंघोळ, मग पूजा. आतड्याला पहाटेची वेळही चालते, रोज तीच असली म्हणजे झालं. गणपतीला चाललं का ते मी विचारलं नाही.

संकष्टीच्या दिवशी मी पोचले तेव्हा दारातच हातावर पेढा ठेवला. रात्री पायावर अंगारा लावताना उजवा अंगठा वर आला होता. सगळ्यांनी पाहिला. नवऱ्यानं व्हिडिओ काढला, व्हॉट्सॲपवर स्टेटस, खाली हात जोडलेले पन्नास. जावईबापूंच्या ओळखीच्या कुणाचं तरी असंच अंगठ्यापासून सुरू होऊन तो आता पळतो, ही गोष्टही तोवर घरभर झाली होती.

व्हिडिओ पाहूनच कळत होतं. चादर तळव्याला लागते, अंगठा वर जातो, मागोमाग घोटा, मग गुडघा जरासा दुमडतो, तिन्ही एका ओढीत. स्वतःच्या इच्छेनं हलवणारा माणूस एक सांधा हलवतो. हे झटके ऑपरेशनच्या आधीपासून त्या पायात होते, तेव्हा पायथ्याशी कुणी बसलेलं नव्हतं म्हणून दिसले नाहीत. तरी तपासल्याशिवाय बोलायचं नाही. तळव्याला काही लागणार नाही असा पाय ठेवला. वहिनींना छताकडे बघायला सांगितलं. ‘मी म्हणेन तेव्हा अंगठा वर, थांब म्हटलं की सोडायचा.’ अंगठा उचलणाऱ्या स्नायूची पावलावरची दोरी बोटाखाली धरून ठेवली. नजरेला दिसण्याआधी ताकद बोटाला लागते, धागा ताणल्यासारखी बारीक. पाच वेळा सांगितलं, पाचही वेळा काही नाही. मग नखानं तळवा ओढला, आणि लगेच अंगठा वर, घोटा वर, गुडघा वर.

नवरा म्हणाला, ‘बघा, हलला ना!’

असं म्हणणाऱ्याला काय सांगायचं याचं एक ठरलेलं उत्तर असतं, तेच दिलं. हा पाय मेंदूचं ऐकून हललेला नाही, खालच्या खाली हलला. वाईट नाही, पण हा निरोप वरून आलेला नाही. वहिनींनी मान भिंतीकडे केली. त्यांना ते आधीच माहीत होतं असं मला वाटतं. ज्याचा पाय असतो त्याला कळतं की आपण हलवला नाही, पण पेढे आल्यावर कोण बोलणार.

काकू माझ्यामागून स्वयंपाकघरापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘ताई, एक विचारू? सकाळी बोट घातलं तेव्हा आवळल्यासारखं वाटलं. कालही वाटलं होतं. पण ते काय सगळ्यांसमोर सांगायचं.’

मी पिशवीतून हातमोजे काढले. ही तपासणी नुसत्या आवळण्यावर ठरत नाही, तो स्नायू ताण पडला की आपोआपही आवळतो. बोट आत ठेवून स्थिर राहायचं, आपोआपचा आवळ ओसरू द्यायचा, मग सांगायचं, ‘संडास रोखून धरता तसं धरा.’ पेशंट पोटानं जोर लावत नाही ना, कुल्ले आवळत नाही ना, हे दुसऱ्या हातानं बघायचं. वहिनींनी धरलं. ‘सोडा’ म्हटलं, सोडलं. पुन्हा धरलं. अगदी क्षीण, पण सांगितल्यावर आणि सांगितल्यावरच. आजूबाजूच्या कातडीवर टाचणी आणि कापूस यांतला फरकही दोन्ही बाजूंना कळत होता.

मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या टोकाचं हे काम. निरोप मेंदूपासून निघून, दबलेल्या जागेतून, तिथवर पोचला याचा अर्थ वाट पूर्ण बंद नाही. पाय परत येतील का याचा अंदाज बांधताना आम्ही अंगठ्याच्या झटक्यापेक्षा यावर कितीतरी जास्त भरवसा ठेवतो. मी हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘गणपतीला हीच जागा सापडली का?’ आणि लगेच, ‘मग त्या पेढ्यांचं काय करायचं? परत मागवायचे?’ वहिनी त्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. स्टेटस मात्र नवऱ्यानं बदललं नाही. बदलून लिहिणार तरी काय!

त्या दिवशी आणखी एक भानगड निस्तरली. वहिनींना उपास करायचा होता. टीबीच्या पेशंटनं चंद्रोदयापर्यंत नुसत्या साबूदाण्यावर राहणं मला चालत नाही, साबूदाण्यात स्टार्चशिवाय जवळजवळ काही नसतं. भर दाण्याच्या कुटाची, वर दही, दूध, पनीर, राजगिरा. पाणी दिवसभरात दीड ते दोन लिटर, गोळ्या नेहमीच्याच वेळी. उपास काकूंनी दोघींचा केला.

पुढच्या महिन्यात झटके एकदम वाढले. घरात पुन्हा आनंद, पायात जीव येतोय म्हणून. मालिशवाल्याला बोलावणं गेलं, गरम विटेचा शेकही ठरला. झटके वाढले की आधी लघवी बघायची, मग पोट, मग कातडी, मग पायाची नखं. लघवी गढूळ होती, वास होता, ताप यायचाच होता. दोन दिवस औषध घेतल्यावर झटके खाली आले. विटेचं मी जरा आवाज चढवूनच सांगितलं, कारण ज्या कातडीला चटका कळत नाही तिला शेक म्हणजे भाजणं. आणि पोटरी सुजलेली आहे का हे न बघता मालिश करणाऱ्याला तर खोलीत येऊ देऊ नये, आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

पावडर लावलेल्या गुळगुळीत फळीवर, कुशीवर झोपवून, उजवा गुडघा आपला आपण सरकू लागला. ही पाचपैकी दोन नंबरची ताकद, म्हणजे पायाचं वजन न उचलता हालचाल. मग पाय अंथरुणावरून उचलला गेला, तीन नंबर. डावा मागे आहे. आता ब्रेस घालून वॉकरवर खोलीतून ओटीपर्यंत येणं-जाणं होतं, डाव्या पायाला स्प्लिंट. नवऱ्यानं नवस बोललेला आहे, वहिनी स्वतः अनवाणी तीन प्रदक्षिणा घालतील म्हणून. तळव्यांना गरम-गार अजून नीट कळत नाही, आणि उन्हाळ्यात मंदिराची फरशी दहा वाजता पाय टेकू देत नाही. मी सांगितलंय, पहाटे, जाड मोजे घालून, आणि घरी आल्यावर आरशात दोन्ही तळवे बघून. नवस बोलताना तळवे कुणाचे ते बघायला हवं होतं, हेही सांगितलंय.

खजराण्याला देवळाच्या मागच्या भिंतीवर इच्छा धरून उलटं स्वस्तिक काढतात आणि इच्छा पुरी झाली की येऊन सरळ काढतात. काकूंनी उलटं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काढलं. ओटीपर्यंत चालणं झालं तेव्हा घरच्यांनी सरळ काढायचा आग्रह धरला, आणि त्या मला विचारायला आल्या, ‘झालं म्हणायचं का?’ बरं होणं कधी झालं हे ठरवायचं माप आमच्या पुस्तकात नाही. शून्य ते पाच अंक आहेत, ते स्नायूंचे. मी काही उत्तर दिलं नाही, त्यांनीच दिलं. चालण्याचं त्यांना विशेष नाही. लघवी आपली आपण, पूर्ण, नळीशिवाय झाली की सरळ काढायचं.

वहिनी आता नळी आरसा लावून स्वतः घालतात. आधी आपोआप होईल तेवढी करायची, मग नळीनं उरलेली काढून मापायची, ५०० मिलीच्या वर साठू द्यायची नाही. उरलेली १०० मिलीच्या खाली सलग राहिली तर नळी सोडायचा विचार करता येतो. काकूंच्या वहीत गेल्या आठवड्याचे आकडे १८० ते २१० आहेत.