हरभऱ्यातली हरणं

आज नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळ मामाच्या रानात होतो. भल्या सकाळी हरभऱ्यात काळविटांचा कळप उतरलेला, मधोमध पिळदार शिंगांचा काळाभोर नर. मामानं ओरडून हाकलला, पण दगड उचलला नाही. उन्हाळ्यात याच जनावरांसाठी तो हौदात पाणी सोडतो! आजोबांच्या काळी शिकार व्हायची, मटणाचे वाटे घरोघर जायचे. आजीला अजून ती चव आठवते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बंद झालं, फार बरं झालं. पण इथलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. हरणं शेजारच्या पिकात येणारच, आणि त्यांना पोसतो तो शेतकरी. निदान पंचनामा वेळेत व्हावा, भरपाई पुढच्या पेरणीआधी त्याच्या हातात पडावी.